गाईड एक, जाणती माणसं चार: नव्या संशोधकांनी श्रेय, शिफारस आणि मार्गदर्शन कसं मिळवावं

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की घरचे पेढे वाटतात आणि पुढची चार-पाच वर्षं "झालं का गं तुझं?" एवढंच विचारत राहतात. त्यांना दोष देता येत नाही. काम बरं चाललंय की नाही, हे लॅबमध्ये बसलेल्यालाही पुष्कळदा कळत नसतं. इथे वर्षाअखेरीस गुणपत्रिका हातात पडत नाही. पेपरवर नाव कुठे आलं, शिफारसपत्रात काय लिहिलं गेलं आणि एखाद्या निवड समितीत कोणी "हिचं काम मी पाहिलंय, पक्कं आहे" असं म्हणालं का, यावरच पुढचं सगळं ठरतं. यातलं काहीच आपोआप होत नाही, आणि सगळा भार एकट्या गाईडवर टाकला तर बहुधा होतच नाही. म्हणून श्रेयाचं बोलणं वेळेवर आणि लेखी करायचं, आणि मार्गदर्शन एकापेक्षा जास्त माणसांकडून घ्यायचं. विज्ञान शाखेतले पीएच.डी.चे विद्यार्थी आणि नवे पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर ठरावीक काळ संशोधन करणारे) डोळ्यांसमोर ठेवून पुढचा क्रम लावला आहे.

पहिलं काम: स्वतःचं नाव पक्कं करा

किरकोळ वाटतं, पण इथूनच घोळ सुरू होतो. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा. एका पेपरवर मधलं आद्याक्षर, दुसऱ्यावर नाही. "पाटील एस." किंवा "कुलकर्णी ए." शोधून बघा, म्हणजे त्या गर्दीत तुमचे तीन पेपर तीन माणसांचे कसे होतात ते दिसेल.

पहिलं पोस्टर जाण्याआधीच नावाचं एक रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. लग्नानंतर कागदोपत्री नाव बदललं तरी पेपरवर जुनं नाव चालू ठेवता येतं. अनेक जणी ठेवतात. त्याच दिवशी ऑर्किड आयडी (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) काढा. 2012 पासून चालू असलेला हा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो आणि नाव, संस्था, शहर बदललं तरी तोच राहतो. त्याला खासगी ईमेलही जोडून ठेवा, कारण संस्था सोडली की तिथला ईमेल बंद पडतो आणि मग स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही.

कामाची वेगळी वही

लॅब नोटबुक सगळेच ठेवतात, निदान ठेवायला हवी. त्याखेरीज महिन्यातून एकदा अर्धा तास काढून एक वेगळी वही लिहा: या महिन्यात कोणत्या कामात माझा नेमका वाटा काय होता? नोंद अशी असावी (इथलं एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करणारं यंत्र): "2 जुलै. एचपीएलसीचा कॉलम आणि मोबाईल फेज बदलली. आधी दोन पीक एकमेकांवर चढत होते, आता सुटे येतात. पद्धत मी बसवली, नमुने ज्युनियरने चालवले. मॅडमना 5 तारखेच्या मीटिंगमध्ये दाखवलं." बस्स, चार ओळी पुरतात.

वाटा कोणत्या शब्दांत लिहायचा याचा एक तयार साचा आहे. क्रेडिट (CRediT) नावाच्या पद्धतीत संशोधनातल्या योगदानाचे 14 प्रकार केले आहेत: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष प्रयोग, विदा (डेटा) सांभाळणं, विश्लेषण, सॉफ्टवेअर, आकृत्या, पहिला मसुदा, सुधारणा, देखरेख, निधी वगैरे. 2022 मध्ये तिला अमेरिकेतल्या प्रमाणीकरण संस्थेचं मानक म्हणून मान्यता मिळाली आणि अनेक जर्नल पेपर पाठवताना हाच तक्ता भरून घेतात. तो भरायची वेळ येते तेव्हा तीन वर्षांपूर्वीचं कोणालाच आठवत नसतं, आणि ज्याच्याकडे लिहिलेलं असतं त्याचं म्हणणं टिकतं.

पेपरवर नाव: बोलायचं कधी आणि कसं

या विषयावर आपल्याकडे कमालीचा संकोच आहे. सरांना नावांचा क्रम विचारणं म्हणजे आगाऊपणा, असं शिकवलेलं असतं. मग पेपर स्वीकारला गेल्यावर कळतं की आपण तिसरे आहोत आणि दुसऱ्या क्रमांकावर असं कोणी आहे ज्याने लॅबचं दार क्वचितच उघडलं असेल.

नियम काय म्हणतात ते आधी माहीत असू द्या. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक म्हणवण्यासाठी चार अटी घातल्या आहेत, आणि इतर शाखांतली अनेक जर्नलंही त्यांचा आधार घेतात. कल्पना, आखणी, विदा गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा मुद्द्याच्या सुधारणा करण्यात सहभाग हवा. अंतिम मसुद्याला मंजुरी हवी. आणि कामाबद्दल जबाब देण्याची तयारी हवी. चारही एकदम. नुसता निधी आणला, विभागप्रमुख आहेत किंवा यंत्र वापरू दिलं, एवढ्यावर लेखकपण मिळत नाही. त्यांच्यासाठी आभाराचा परिच्छेद असतो. प्रत्यक्षात पाहुण्यांची नावं सर्रास घुसतात आणि तुम्ही एकटे ती प्रथा मोडू शकणार नाही. आपली जागा मात्र राखता येते.

तीन वेळा बोलायचं: काम सुरू होताना, पहिली पेपरालायक आकृती तयार झाल्यावर, आणि मसुदा लिहायला घेताना. भाषा तक्रारीची नको, नियोजनाची हवी. "मॅडम, याचा पेपर झाला तर मसुदा मी लिहायला घेऊ का? नावांचा क्रम साधारण कसा असेल, म्हणजे कोणी काय करायचं ते वाटून घेता येईल." एवढं विचारलं की बहुतेक गाईड सरळ उत्तर देतात. खरं सांगायचं तर त्यांनाही हा विषय कोणीतरी काढायला हवाच असतो. त्याच संध्याकाळी एक छोटा मेल टाका: "आज ठरल्याप्रमाणे प्रयोग आणि पहिला मसुदा माझ्याकडे, सिम्युलेशन त्यांच्याकडे, क्रम तूर्तास असा. काही राहिलं असल्यास कृपया सांगावं." या मेलला उत्तर नाही आलं तरी तारखेसह नोंद राहते. पुढे कामाची वाटणी बदलली तर क्रमही बदलेल, हे मान्य करूनच तो लिहा.

शाखेची रीतही पाहून घ्या. गणितात आणि सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमाने लागतात, तिथे "फर्स्ट ऑथर" शब्दाला काही अर्थ नाही. प्रायोगिक जीवशास्त्रात पहिलं आणि शेवटचं नाव सगळं सांगतं. दोघांचं काम खरोखर समान असेल तर "समान योगदान" अशी तळटीप मागता येते. पोस्टडॉक असाल आणि कल्पना तुमची असेल, तर संयुक्त करस्पॉन्डिंग ऑथरशिपचा (जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक म्हणून दोघांची नावं देण्याचा) विषय काढायला हरकत नाही. पुढे स्वतःची लॅब मागायला गेलात की मुलाखतीत हेच बघतात.

प्रीप्रिंटचा, म्हणजे जर्नलने तपासण्याआधीच पेपर ऑनलाइन खुला करण्याचा, विचार जरूर करा. आर्काइव्ह या संकेतस्थळावर 1991 पासून भौतिकशास्त्रातली, आणि पुढे गणितातलीही मंडळी पेपर टाकत आली आहेत, जीवशास्त्रासाठी बायोआर्काइव्ह 2013 मध्ये आलं. जर्नल वर्षभर लटकवत असलं तरी काम तुमच्या नावावर, तारखेसह, जगासमोर येतं आणि फेलोशिपच्या अर्जात दाखवता येतं. फक्त सगळ्या सहलेखकांची संमती घ्या, आणि पेटंटची शक्यता असेल तर आधी अर्ज करा. आधी प्रसिद्ध केलेल्या गोष्टीचं नावीन्य संपलं असंच पेटंट कार्यालय धरतं.

जर्नल निवडताना आता स्वतःची अक्कल जास्त लागते. यूजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नलांची यादी, जिचं काम पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं, ती बंद झाल्याचं यूजीसीने 2025 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. जर्नल बरं की वाईट हे ठरवणं आता संस्थेवर आणि तुमच्यावर आलं आहे. थीसिस जमा करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीच्या 2022 च्या नियमांत उरलेली नाही, पण तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते पाहून घ्या. सक्ती गेली म्हणून पेपरची गरज गेली, असं मात्र कोणी समजू नये.

आणखी एक फुकट जाणारं श्रेय: गाईडकडे परीक्षणाला आलेला पेपर विद्यार्थी वाचतो, चार पानी टिपण करतो, आणि ते गाईडच्या नावाने जातं. अनेक जर्नलांच्या फॉर्ममध्ये सहपरीक्षकाच्या नावाची जागा असते. "सर, तिथे माझं नाव टाकाल का?" एवढंच विचारा. मुळात संपादकाला न कळवता पेपर दुसऱ्याला वाचायला देणं हा गोपनीयतेचा भंग ठरतो, त्यामुळे हे विचारण्यात त्यांचंही भलंच आहे.

गाईडखेरीज माणसं जोडणं

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, 1933 मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी नकारच दिला आणि नंतर वर्षभराच्या अटीवर घेतलं. गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात. पण त्यांना रोजचं काम शिकवलं ते श्रीनिवासय्या यांनी: शिस्तीला कडक, आणि शिकणाऱ्याला भरभरून देणारे. पुढे केंब्रिजमध्ये त्या आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर होत्या. ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू झालं आणि बटाट्यावर काम करताना वनस्पतींमधलं सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनातलं एक प्रथिन) हाती लागलं. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. दार उघडणारा एक, हात धरून शिकवणारा दुसरा, विषय देणारा तिसरा. हे सगळं एकाच माणसाकडून मिळावं अशी अपेक्षा आपण गाईडकडून करतो आणि मग खट्टू होतो.

शिवाय हिशेब बघा. यूजीसीच्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. त्यात शिकवणं, परीक्षा, नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांच्या मूल्यांकनाच्या) फायली. तुमच्या वाट्याला किती वेळ येणार?

सुरुवात संशोधन सल्लागार समितीपासून करा, म्हणजे आपण जिला आर.ए.सी. म्हणतो ती. दर सत्रात तिच्यापुढे सादरीकरण करावं लागतं, म्हणून विद्यार्थी तिला परीक्षा समजून घाबरतात. खरं तर विषय जाणणारी, तुमचं काम वर्षानुवर्षं पाहणारी माणसं विद्यापीठाने तुम्हाला फुकट नेमून दिलेली आहेत. सादरीकरणाच्या आठवडाभर आधी दोन पानांचं टिपण पाठवा आणि त्यात "इथे अडलंय" असं स्पष्ट लिहा. सगळं छान चाललंय म्हणणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही. पुढे दुसरं शिफारसपत्र कोण देणार, हा प्रश्नही इथेच सुटतो.

मग बाहेर बघा. तंत्र जाणणारं कोणी, फेलोशिपच्या फायली कोळून प्यालेलं कोणी, आणि तुमच्यापुढे तीन-चार वर्षं असलेलं कोणी. हे तिसरं माणूस सर्वात उपयोगी, कारण त्याच्या जखमा ताज्या असतात. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच आयुका आणि एनसीआरए या संशोधन संस्था आहेत, पाषाणला एनसीएल आणि आयसर शेजारी-शेजारी. मुंबईत टीआयएफआर, आयआयटी, माटुंग्याची आयसीटी, नागपुरात नीरी, गोव्यात दोनापावलाला एनआयओ आणि वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र. अशा ठिकाणची बरीच व्याख्यानं बाहेरच्यांनाही खुली असतात. तालुक्याच्या कॉलेजात असाल तर हे अंतर खरंच मोठं आहे आणि गोड बोलून ते कमी होत नाही. पण मेल तिथूनही जातो. 2014 मध्ये स्थापन झालेल्या इनयास या तरुण शास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय अकादमीच्या कार्यशाळा आणि जीवशास्त्रातल्या नव्या प्रयोगशाळाप्रमुखांसाठी 2009 पासून भरणारी यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग, या दोन्हींवर लक्ष ठेवा. दुसरीत शेवटच्या टप्प्यातल्या पोस्टडॉकनाही जागा असते.

मेल इंग्रजीत जाईल, गाभा असा असू द्या: "मॅडम, तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरमधली दुसरी आकृती पाहिली. आम्ही तीच पद्धत भाताच्या मुळांवर वापरतो आहोत, पण पार्श्वभूमीचा संकेत खूप येतो. आम्ही हे दोन उपाय करून पाहिले. वीस मिनिटं बोलता येईल का? माझ्या गाईडना या मेलची कल्पना आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ते नसेल तर समोरचा ज्येष्ठ माणूस बिचकतो आणि तुमच्या गाईडना दुसऱ्याकडून कळलं तर घरात आग लागते. "तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?" असं पहिल्याच मेलमध्ये विचारू नका. एक प्रश्न विचारा, सांगितलेलं करून बघा, आणि महिन्याभराने काय झालं ते कळवा. बहुतेक जण तिसरी पायरी विसरतात. नातं मात्र तिथेच जुळतं.

शिफारसपत्र

"तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो" हे वाक्य ऐकलं नाही असा भारतीय विद्यार्थी विरळा. शक्यतो हे टाळा. तिन्ही पत्रं एकाच हातची असली की समितीला दुसऱ्या परिच्छेदात कळतं: तीच विशेषणं, तीच वाक्यरचना. त्याऐवजी एक पानभर मुद्दे द्या, पत्र त्यांना लिहू द्या. जाहिरात, शेवटची तारीख, सीव्ही, तुमच्या प्रस्तावाचा सारांश, आणि "तुम्ही माझं हे काम प्रत्यक्ष पाहिलंत" अशा तीन-चार आठवणी. "मेहनती आणि प्रामाणिक" लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही. "सहा महिने चुकीचे येणारे आकडे हिने डिटेक्टरच्या तापमानापर्यंत मागे जाऊन शोधले" हे वाचतात. वर सांगितलेल्या मासिक वहीतून अशा गोष्टी निघतात.

निदान तीन आठवडे आधी सांगा, शेवटच्या चार दिवसांत एकदा नम्र आठवण करा. आता बहुतेक ठिकाणी पत्र देणाऱ्याला थेट लिंक जाते, म्हणून त्यांचा संस्थेचा ईमेल द्या. जीमेलचा पत्ता परदेशी विद्यापीठांना संशयास्पद वाटतो. आणि विचारताना "पत्र द्याल का?" ऐवजी "माझ्या कामाबद्दल खात्रीने लिहिता येईल का?" असं विचारा. समोरचा अडखळला तर दुसरं माणूस बघा.

पुरस्कार आणि फेलोशिप

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी पुरस्कार शोधू नका. पोस्टर, विभागातलं सादरीकरण, राज्यातल्या विद्यापीठांची आविष्कार ही संशोधन स्पर्धा एवढं पुरे. आविष्कारमधला खरा फायदा ट्रॉफीचा नसतो. दुसऱ्या विषयाच्या परीक्षकाला पाच मिनिटांत काम समजावून सांगायची सवय लागते.

जुन्या याद्यांवर विसंबू नका. 2022 नंतर केंद्रातल्या विज्ञान खात्यांनी आपापले बरेच पुरस्कार बंद केले आणि त्यांच्या जागी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आला. ऑगस्ट 2024 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला तेव्हा 33 पुरस्कारांपैकी 18 "विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर" या 45 वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठीच्या गटात होते. तो पुढचा पल्ला. त्याआधी बंगलोरच्या भारतीय विज्ञान अकादमीची असोसिएटशिप आणि अलाहाबादच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे तरुणांसाठीचे पुरस्कार आहेत. जर्मनीतल्या लिंडाऊला 1951 पासून नोबेल विजेत्यांच्या बैठका होतात, त्यांत तरुण संशोधकही बसतात. भारतातून त्यासाठी निवड होते.

पैशाची बाजू: नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि एसआरएफला (वरिष्ठ) 42,000 रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. दोन वर्षांनी एसआरएफ होताना मूल्यमापन होतं, त्या वेळी कामाची वही परत कामाला येते. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत. पोस्टडॉक आणि नव्या प्राध्यापकांसाठीच्या सर्ब या केंद्राच्या संशोधन-निधी मंडळाच्या योजना आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे गेल्या आहेत. तिचा कायदा 2023 चा. वयाच्या अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. स्त्रिया आणि राखीव गटांना सवलत अनेकदा असते. काही जण ती न वाचताच "वय गेलं" म्हणून सोडून देतात.

आणि ते मेल! "अभिनंदन, बेस्ट रिसर्चर अवॉर्डसाठी आपली निवड झाली आहे", खाली नोंदणी शुल्क काही हजार रुपये, सोहळा पंचतारांकित हॉटेलात, शाल-ट्रॉफी-प्रमाणपत्र पॅकेजमध्ये. अर्ज न करता, कोणी नामांकन न देता मिळणारा आणि ज्याचे पैसे तुम्हीच भरायचे, तो पुरस्कार सीव्हीवर ठेवला तर जाणकार समिती उरलेल्या ओळींवरही शंका घेते. कॉलेजच्या फ्लेक्सवर फोटो छान येतो, हे कबूल.

बिनसलं तर

कधी गाईड काम दुसऱ्याच्या नावावर टाकतात, कधी वर्षभर मसुदा वाचत नाहीत, कधी घरचा किराणा आणायला पाठवतात. नियमांनुसार पीएच.डी. विद्यार्थ्याला अध्यापन किंवा संशोधन साहाय्यासाठी आठवड्याला 4 ते 6 तासांचं काम देता येतं; किराणा त्यात बसत नाही. आधी कागद गोळा करा: मेल, मसुद्यांच्या तारखा, वही. मग एकट्याने आणि शांतपणे बोला. मग आर.ए.सी., मग विभागप्रमुख. आर.ए.सी.च्या इतिवृत्तात तुमची अडचण नोंदली गेली का ते पाहा. तोंडी सांगितलेलं पुढच्या सत्रात कोणालाच आठवत नाही. वाङ्मयचौर्यासाठी यूजीसीच्या 2018 च्या नियमांनी विभाग आणि संस्था अशा दोन पातळ्यांवर समित्या ठेवायला सांगितल्या आहेत, आणि 2023 च्या नियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या वर लोकपाल. जर्नलच्या संपादकाला थेट लिहाल तर तो बहुधा वाद संस्थेकडेच परत पाठवेल, कारण कोणी किती काम केलं हे त्याला बसल्या जागी ठरवता येत नाही. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर वाट पाहू नका: अंतर्गत समितीकडे तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी तीन.

गाईड बदलणं हा शेवटचा उपाय, पण तो आहे. अर्जात व्यक्तीबद्दल नको, कामाबद्दल लिहा: विषय बदलला, निवृत्ती जवळ आली, देखरेख होत नाही. नव्या गाईडची लेखी तयारी आधी घ्या, तोपर्यंत जुन्यांकडचा अर्ज खिशात ठेवा. स्त्रियांसाठी 2022 च्या नियमांत दोन गोष्टी आहेत: कालमर्यादेत दोन वर्षांची जादा सवलत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. लग्नामुळे वा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं तर संशोधनाची विदा नव्या संस्थेत नेण्याची मुभाही दिली आहे. अट अशी, की ते काम मूळ संस्थेला मिळालेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि थीसिसमध्ये आधीच्या गाईडला आणि संस्थेला त्यांच्या वाट्याचं श्रेय द्यावं.